पगाराविना जगण्याचा सराव

मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पांनी गिरणी बंद केली. दळणाचे डबे रांगेत होते, बायका खोळंबल्या होत्या, तरी पट्टा थांबला आणि आप्पा पिठानं पांढरे झालेले हात धोतराला पुसत माझ्यासोबत फाट्यापर्यंत आले. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. आप्पा दळण अर्धवट टाकून बाहेर पडले, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. एसटी दिसल्यावर ते म्हणाले, "भाड्यानं ऱ्हाशील. भितीला खिळा मारायच्या आदी मालकाला इचारत जा." मी बावीस वर्षांचा होतो. बाप काहीतरी मोठं बोलेल असं वाटलं होतं, म्हणून मनातून थोडा खट्टूच झालो.

पहिली खोली मिळाली खाडीकाठच्या नव्या शहरात, तळवलीत. मालकीण हिराबाई, तिथलीच आगरी बाई. तिची भातशेती त्या शहरासाठी सरकारनं घेतली होती आणि राहत्या घरामागे तिनं सहा खोल्या बांधल्या होत्या. मी खिळ्याचं विचारलं तेव्हा ती हसली. "खिला मार रं. पन इस्त्री नाय लावाची हां, मीटर पलतंय." हिराबाई कुठं नोकरीला जात नव्हती. सकाळी ओट्यावर बसून ती मासळी साफ करायची, दुपारी शेजारणींशी गप्पा मारायची, आणि तिचं घर चाललेलं असायचं. कामावर न जाता ताठ मानेनं जगणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तेव्हा त्यावर फार विचार केला नाही.

लग्न झालं, मंदा आली. सरकारी घरांच्या सोडतीत जवळच घणसोलीला एक बेडरूमचं घर लागलं, मुलगी केतकी तिथंच वाढली. मी बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात लागलो. आधी माल मोजणारा, मग सुपरवायझर. कंपनीच्या बसनं दीड तास जायचं, दीड तास यायचं, मधले दहा तास सिमेंटच्या जमिनीवर उभं राहायचं. मंदा घरी ब्लाउज शिवायची. गावी आलो की तुम्ही गावकरी म्हणायचात, "मजा हाय बुवा तुमची." मीही हो म्हणायचो.

आप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, गिरणीतच. तेराव्याला आई म्हणाली, "ह्यांला मी कदी टेकून बसलेलं बघितलं न्हाई." ते वाक्य मी घणसोलीला घेऊन आलो आणि बरीच वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

पन्नाशी उलटली, केतकी पुण्यात नोकरीला लागली, घराचं कर्ज फिटलं. गोदामातले सगळे मोठी घरं बघत होते. एका रविवारी आम्हीही उलव्याला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. काचेचं दार, पांढरं स्वयंपाकघर, खाली पोहण्याचा तलाव. मी तर मनातल्या मनात आप्पांचा फोटो कुठं लावायचा तेही ठरवलं. मंदानं तिथल्या माणसाला विचारलं, "मेंटेनन्स किती?"

"ते पझेशननंतर कळेल, मॅडम."

"तलावाचं पाणी कोण भरणार? टँकर आला तर बिल आमच्यातच वाटणार ना?"

तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. परत येताना रिक्षात मंदा म्हणाली, "आत्ताच्या घराचं सगळं फिटलंय. हे घेतलं तर तुमी साठीपर्यंत त्याच्यासाठीच द्रोणागिरीला जाणार. गुडघे बघा जरा." तेव्हा मी तिला आईचं वाक्य सांगितलं. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मग सोडा नोकरी. पण आधी एक वर्ष करून बघू."

करून बघायचं म्हणजे असं, की माझा पगार आला तरी त्याला हात लावायचा नाही. नोकरी सोडल्यावर जे येणार, साठवलेल्याचं व्याज आणि तिचं शिवणकाम, तेवढ्यातच घर चालवायचं. वीज, पाइपचा गॅस, पाणी, सोसायटी, मालमत्ता कर, दवाखान्याचा विमा अशी सगळी बिलं तिनं एका फायलीत लावली. वर्षातून एकदा येणाऱ्या बिलांचे बारा भाग केले, म्हणजे त्या महिन्यात धक्का बसू नये.

पहिले तीन महिने आम्ही नापास झालो. एकदा गॅस गिझर बिघडला, एकदा पाहुणे आले आणि मी सवयीनं सगळ्यांसाठी पापलेट आणलं. मंदा माझ्याशी एक दिवस बोलली नाही. मग हळूहळू जमायला लागलं. डिश टीव्ही गेला, वीज खाणारा जुना फ्रिज गेला, एसी फक्त मे महिन्यात. रविवारी सकाळी मी स्वतः भाजी आणायला लागलो. आम्ही हलाखीत आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. उलट स्वतःच्या घरात नेमकं काय काय चालतं ते मला बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

नववा महिना चालू होता आणि सोसायटीची नोटीस आली. इमारत जुनी झालेली, जिन्यातलं प्लास्टर पडत होतं, मोठी दुरुस्ती काढायची ठरली होती आणि प्रत्येक घरानं एकरकमी वाटा भरायचा होता. आकडा बघून मी खाली बसलो. आम्ही गॅस मोजला, दिवे मोजले, पण इमारतीचंही वय वाढतं हे आमच्या फायलीत नव्हतं. मी म्हणालो, "संपलं. अजून दोन-तीन वर्षं जातो कामावर."

मंदा म्हणाली, "एक वर्ष. जास्त नाही."

सभेला ती माझ्यासोबत आली. वीस वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती. त्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "काम तीन टप्प्यांत होणार असं तुमीच लिहिलंय. मग पैसे एकदम कशाला? आमीपण तीन टप्प्यांत देतो. आणि झालेला खर्च दर महिन्याला बोर्डावर लावा." मागून दोन पेन्शनर टाळ्या वाजवायला लागले. सेक्रेटरी आधी कुरकुरले, मग त्यांनी तसाच ठराव लिहून घेतला. मी शेजारी बसून होतो. माझा ऊर इतका भरून आला की ठरावाला हात वर करायचं राहून गेलं. तिनंच कोपरानं ढोसलं.

फायलीत 'इमारत' नावाचा नवा कप्पा आला. आणखी एक वर्ष मी बसनं गेलो आणि चोपन्नाव्या वर्षी, गुडघे शाबूत असताना, राजीनामा दिला.

चारच दिवसांत गावाहून थोरले दादा आले. खांद्यावर ज्वारीचं पोतं. पाणीसुद्धा न पिता त्यांनी मला गॅलरीत नेलं. "तुला काढलं का रं? खरं सांग."

"नाही दादा. मी स्वतःहून सोडली."

त्यांचा विश्वास बसला नाही. खिशातून पाकीट काढून ते माझ्या हातात कोंबायला लागले. गावात तुम्ही सगळे काय बोलत होतात हे मला त्या पाकिटावरून समजलं. मला राग आला नाही. माझ्यासाठी साठी ओलांडलेला भाऊ ज्वारी घेऊन एसटीनं आला होता.

मंदानं त्यांच्यापुढं फाइल ठेवली. दादांनी चष्मा लावून दोन वर्षांची बिलं एक-एक करून बघितली. मधेच म्हणाले, "ह्ये इजेचं बिल आमच्यापेक्षा कमी हाय की." शेवटी फाइल मिटली आणि पाकीट परत खिशात घातलं. जाताना जिन्यात थांबले. "आप्पांला बसलेलं बघायचं ऱ्हायलं," म्हणाले. "तू बस. लोकांला मी सांगतो."

लोकांना त्यांनी काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. दादा गेल्यावर नोकरीतल्या प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात दोन रकाने होते, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. आजवर प्रत्येक कागदावर मी सध्याचा पत्ता घणसोली आणि कायमचा पत्ता गावाचा लिहीत आलो. आतल्या खोलीत मंदाचं शिलाई मशीन चालू होतं, सकाळचे अकरा वाजले होते आणि मला कुठंही जायचं नव्हतं. मी दोन्ही रकान्यांत घणसोलीचाच पत्ता लिहिला.