मामाचे अकरा खून

माझ्या सख्ख्या मामाने दुपारच्या एका खेळात अकरा बायकांचे खून केले आणि ते आम्ही सहकुटुंब, शेंगदाणे खात पाहिले.

चित्रपटाचं नाव सांगत नाही; फुकट जाहिरात होईल. (ती मी एकदा केली आहे!) रत्नागिरीत तो लागला तेव्हा दोन दिवस तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. अकराही खून एकाच बंगल्यात, फक्त पडदे बदलून. तीन बायका तर एकच साडी नेसून मेल्या. रक्त म्हणजे सरळ सरळ कोकमाचं आगळ!

पण हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवत. नुसतं 'अकरा बायका, अकरा खून!' असं पोस्टर बघूनच मी पेटले आणि पाचशे पत्रकं छापली: 'भगिनींनो, स्त्रीहत्येचा हा बाजार स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि धिक्कार करा!'

दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्ल. भगिनी आल्याच, भगिनींचे भाऊही आले!

नेमके त्या रविवारी हातखंब्याचे नाना आपल्या मुलीला, सुशीलाला घेऊन आमचं घर बघायला आले. बाळामामाचं हे चौथं स्थळ. तीन मोडलेली, मामा छत्तिशीचा, त्यामुळे आईने यावेळी कुठलाच देव सोडला नव्हता. मामा मुंबईला 'कंपनीत' होता, या बघण्यासाठीच रजा काढून आला होता. कुठल्या, ते कोणी विचारलं नव्हतं.

नानांच्या हातात माझं पत्रक! "चला, बघू तरी काय एवढं!"

मामा पांढरा पडला. "नको हो. डोकं दुखतंय माझं."

"अंधारात बसलास की थांबेल," आई म्हणाली.

पडद्यावर बुरखेवाला खुनी आला. त्याने कोयता काढला. मग खिशातून बाटली काढून पात्याला दोन्ही बाजूंनी तेल चोळलं, हातांना चोळलं. बाहेरगावचं पब्लिक इथे घाबरलं असेल. आमच्या थेटरात मागून आवाज आला, "अरे, चीक लागू नये म्हणून तेल! ह्यो फणस कापतोय की काय!"

खुन्याने उरलेलं तेल नडगीला पुसलं. आई ताडकन उभी राहिली. "अगो बाय! हा तर आपला बाळा! किती वर्षं सांगत्ये, मेल्या, नडगीला पुसू नको!"

अख्खं थेटर वळलं. मामा खुर्चीखाली चप्पल शोधत होता.

"तुम्ही कंपनीत हे करता?" नाना गरजले.

"चित्रपट कंपनी ही कंपनीच ना, नाना? मी दिवे धरतो. पण त्यांच्या खुन्याला कोयता धरता येईना. साहेब म्हणाले, तू नेहमी कापतोस तसं काप. मी नेहमी फणसच कापतो हो!"

आता मी गप्प बसले असते तर स्थळ वाचलं असतं. मी उठले. "खुन्याचा धिक्कार असो!" पाठोपाठ पत्रकं वाटून आत आलेल्या माझ्या वीस मैत्रिणी, "धिक्कार असो!"

आईने पाठीत धपाटा घातला. "मामा आहे तो तुझा!"

"तत्त्वाला मामा नसतो!"

नाना मुलीचा हात धरून निघाले. सुशीला मात्र जागची हलेना. "बाबा, बसा. अजून अकराच्या अकरा खून राहिलेत."

खेळ सुटल्यावर दारातच तिने मामाला विचारलं, "बरका फणस कापता की कापा?"

"दोन्ही."

"आणि गरे?"

"सोलून देतो. आठळ्या काढून."

"बाबा," सुशीला म्हणाली, "तुम्हाला आजवर एक तरी गरा सोलता आलाय?"

लग्न ठरलं.

त्या लग्नावर मी जाहीर बहिष्कार टाकला. दिवसभर घरात उपाशी बसून राहिले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सुशीलामामी तर आजही शपथेवर सांगते, की पंगतीत मठ्ठा मीच वाढत होते, आणि तो आंबट होता!