घाट मोकळा झाला तेव्हा

आरोग्यसेविका म्हणून माझी पहिली नेमणूक धडगावच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर झाली. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, जीप बंद झाल्या. नंदुरबारला राहणारी आई महिनोन्‌महिने दिसली नाही.

आश्विनात एका सकाळी दार उघडलं तर धुकंच नव्हतं. समोरचा डोंगर एवढा जवळ आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. उतारावर रामतिळाची पिवळी फुलं, गवताचे शेंडे तांबूस, हवेत कोरडा गारवा. मी जिच्या घरी राहायचे ती पावरा म्हातारी अंगणात मक्याची कणसं वाळत घालत होती. तिने एकदम हात थांबवला आणि कान दिला. खालून जीपचा हॉर्न वाजत होता.

त्या पहिल्याच जीपमधून आई उतरली. मला बघताच म्हणाली, "कितली बारीक व्हई गयी व तू!"

आईला अहिराणी येत होती, म्हातारीला पावरी. मराठी दोघींनाही बेताचीच. मला लसीकरणाला पलीकडच्या पाड्यावर जायचं होतं. दोघींना तसंच सोडून निघाले, पण दिवसभर घोर लागून राहिला.

उन्हं कलताना परतले. दोघी अंगणात कणसं सोलता सोलता पोट धरून हसत होत्या आणि म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

"काय बोलत होतात?" मी आईला विचारलं.

"तिनी पोरगी बी तुन्हासारखीच दूर शे. गुजरातमा, उसतोडले."

"तुला कसं कळलं?"

"आता कसं सांगू? समजनं."

दुसऱ्या दिवशी परतीची जीप हॉर्न देत राहिली. आई कणसं सोडून उठलीच नाही. "जाऊ दे तिले," म्हणाली, "मी ऱ्हासू आजून." आठवडाभर राहिली.

पुढच्या वर्षी म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन नंदुरबारला झालं, तेव्हा ती आमच्याकडेच उतरली. आईने आपली खाट तिला दिली, स्वतः खाली झोपली. शेजारणी विचारायच्या, "कोन शे व ही?" आई सांगायची, "मन्ही बहीन."

आता दोघीही नाहीत आणि मी बदलीने सपाटीवर आले आहे. इथे पाऊस सरला की बाजारात मिरच्यांचा ठसका सुरू होतो, ऋतू बदलल्याचं तेवढंच कळतं. पण त्या अंगणातलं त्या दोघींचं हसू मला अजून ऐकू येतं. इतकं पोट धरून हसण्यासारखं काय होतं, ते मात्र आईने कधीच सांगितलं नाही.