तरंगाच्या मानापायी

आमच्या वाडीतला मंगेश म्हणजे मिरवायला जन्माला आलेला माणूस. काम म्हणाल तर शून्य. दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे साडी नेसवलेली ती उंच काठी, धरायचा मान त्याच्या घराकडे. काठी धरायचा धाकटा भाऊ गंगाराम. मिशीला पीळ द्यायचा हा. मिठबावला मासळी आणायला गेला तरी आधी मान सांगणार, मग बांगड्यांचा भाव विचारणार. मेलो मिजासखोर!

यंदा घट बसलेले असताना गंगाराम दारू पिऊन विहिरीच्या पायरीवर पडला. डोकं आपटलं, बराच वेळ शुद्ध नव्हती. व्रतात मानकरी प्यायला हे कळलं तर मान वरच्या वाडीला जाईल! मंगेशने घरात दम भरला, "खंय बोललात तर याद राखा." दवाखाना नाही, काही नाही. हे सगळं गंगारामच्या बायकोने, शेवंतीने, मला मागाहून सांगितलं.

मग एका सकाळी गंगारामचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. गाडी मिळाली ती वरच्या वाडीच्या जितेंद्रची. बिचाऱ्याने जीव तोडून हाकली. हॉस्पिटलात मी शेवंतीला धरून बाहेर बाकावर बसले.

आत डॉक्टर म्हणाले, "मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत दिलं तर हात, वाचा परत येऊ शकते. पण त्यानेच मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. हल्ली डोक्याला मार लागला होता का? लागला असेल तर देता येणार नाही."

मंगेशने शेजारी उभ्या जितेंद्रकडे पाहिलं आणि ठणकावलं, "छे! आमच्या घराण्यात कोणी पडत नाही." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. जितेंद्रने आम्हा दोघींना हे मागाहून सहज सांगितलं. त्या बापड्याला काय ठाऊक!

इंजेक्शन दिलं. संध्याकाळी गंगाराम ओकला, डोळे फिरवले. मेंदूत रक्त पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी गेला.

साऱ्या भावकीला सुतक. यंदापुरतं तरंग वरच्या वाडीने धरलं. आणि हा निर्लज्ज दहाव्याला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसला, "डॉक्टरान इंजेक्शन दिवन मारल्यान माझ्या भावाक!" थू त्याच्या मानावर.

शेवंती माजघरातून बाहेर आली. "भावजीनु, तो पडललो म्हणान डॉक्टराक तुमी कित्याक सांगूक नाय?"

मंगेशचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी रडेल. त्याने दारापुढच्या खळ्याकडे पाहिलं आणि दातओठ खात म्हणाला, "हळू बोल गो! भायर जितेंद्र बसलो आसा."