आत्या कशानं गेली

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. लग्नकार्यात जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "दादा, आत्याचा साप होऊन जाऊ द्या." मग मी घसा साफ करतो. आत्या उसाला पाणी द्यायला गेली, बांधावर साप चावला, घरी आणेपर्यंत संपली. सुरुवातीला तो साप हातभर होता. पंचवीस-तीस वर्षांत मी त्याला सहा फुटी केला, वर फणाही दिला.

साप नव्हताच. पाळी गेल्यावर आत्याच्या पुन्हा अंगावर जायला लागलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि पोटातल्या गाठीनं ती गेली. बहिणीच्या सोयरिकीला श्रीगोंद्याचे पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "आत्याबाई कशानं गेल्या?" बायकांचं दुखणं घराण्यात आहे म्हटल्यावर सोयरीक मोडली असती. वडील खाली बघत बसले, म्हणून मी साप काढला. बहीण आत पोहे करत होती. आत्या गेली तेव्हा ती अगदी लहान. तिनं ते ऐकलं आणि खरं मानलं.

गेल्या महिन्यात तिच्या गर्भाशयात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई कागदावर आमची वंशावळ काढत होत्या. बायांना गोल, बाप्यांना चौकोन, ज्याला हा आजार झाला तो काळा. म्हणाल्या, "अंगातलेच हार्मोन ही गाठ वाढवतात. काही घरांत अशा गाठींना आवर घालणारं जनुकच बिघडलेलं येतं, वडिलांकडूनही. आणखी कुणाला होतं?"

"कुणाला न्हाई," बहीण म्हणाली. "एक आत्या हुती, ती सापानं गेली."

पेन्सिल पुढं सरकली.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "ती गाठीनं गेली."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. "व्हय दादा?"

"व्हय."

"पाळी गेल्यावरबी मला वरीसभर अंगावर जातंय. आपल्यात कुणाला न्हाई म्हणून मी निवांत हुते."

बाईंनी आत्याचा गोल काळा केला. "तुमच्या मुलीचीही तपासणी करून घेऊ," एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर बहीण म्हणाली, "रविवारी पोरीला बघायला येणार हायेत. त्यांनी इचारलं तर?"

"मी सांगतो त्यांना नीट."

"तू नगं. तू पोहे खा आन् गप बस. मी सांगीन."

पुढच्या तपासणीसाठी आतून तिचा नंबर पुकारला. मी उठायला लागलो, तशी तिनं मला हातानंच खाली बसवलं.