बेरिलियमच्या शेजारी निहोनियम

"मॅडम, निहोनियम बेरिलियमच्या शेजारी असतं का?"

बारावीतली आरती लॅबच्या भिंतीवरून आवर्तसारणी वहीत उतरवून घेत होती. मी भिंतीकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

मंठ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनला ऑर्डर निघाली तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं. आमच्या भिंतीवरची सारणी जुनी. तिच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या ओळीत चार घरांत तात्पुरती चिन्हं होती. नव्या मूलद्रव्याचा शोध पक्का होईपर्यंत तशी देतात. या चौघांना पक्की नावं मिळून काही वर्षं झाली, आमची भिंत मागेच राहिली होती. आता संस्थेचे अध्यक्ष डागडुजी केलेल्या लॅबच्या उद्घाटनाला येणार, म्हणून प्राचार्यांनी रफिकभाई पेंटरना बोलावलं. नवी नावं मी लिहून दिली होती.

रफिकभाईंनी जुनी चिन्हं पुसली आणि नवी चार नावं वर, बेरिलियम आणि बोरॉनच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात काढली. अक्षर मात्र देखणं.

"भाई, तिथे का काढली?"

"मॅडम, खालच्या कोपऱ्यात ओल हाये. रंग धरूनच न्हाई राह्यला. वर इतकी जागा बेकार पडल्ती, मंग तिथं बसवले. सरांना इचारून केलं."

मी प्राचार्यांकडे गेले.

"छान दिसतंय की," ते म्हणाले. "नवीन शोध वरच पाहिजेत. लोकांच्या नजरेत येतात."

"सर, अणूत प्रोटॉन किती, त्यावर नंबर ठरतो आणि नंबरावर जागा. निहोनियम एकशे तेरा, ओगॅनेसन एकशे अठरा. सारख्या स्वभावाचे एकाखाली एक यावेत म्हणून वर मोकळं सोडलेलं असतं. बेरिलियम चार, बोरॉन पाच. मध्ये कोण बसणार?"

"अध्यक्षांना काय कळतंय त्यातलं? आणि ऑर्डरवर सही त्यांचीच असते, मॅडम."

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. आता त्याचा रागही येत नाही, नुसता थकवा येतो. जाऊ दे म्हणावं असं वाटलं. पण वर्गातली सगळी पोरं त्या भिंतीवरूनच पाठ करणार होती आणि बोर्डाच्या पेपरात मार्क त्यांचे जाणार होते.

"मग उद्घाटनात अध्यक्षांना सारणी समजावून सांगायला मी उभी राहणार नाही," मी म्हणाले. दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "करा काय करायचं ते."

रफिकभाई आधी कुरकुरले, मग दुकानाच्या बोर्डाचा उरलेला पत्रा घेऊन आले. ओलीच्या भागावर तो स्क्रूने बसवला आणि चारही नावं त्यावर आपापल्या घरात काढली. वरचा पट्टा पांढरा केला. पत्रा जरा पुढे आलेला दिसत होता, पण नंबर बरोबर होते.

अध्यक्षांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान आहे. रिबन कापून ते सरळ त्या पांढऱ्या पट्ट्याखाली उभे राहिले.

"एवढी जागा मोकळी काहून सोडली? आमच्या दादांचा फोटो मस्त बसला असता."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साहेब, आठवडी बाजारात किराण्याच्या लाइनीत जागा रिकामी असली, तर बैल तिथे बांधतात का?"

"छ्या. बैल बैलबाजारात."

"हेही तसंच आहे. नवीन आला तरी आपल्याच लाइनीत, आपल्याच नंबरावर."

ते हसले. "बराबर हाये," म्हणाले, आणि फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावायचं ठरलं. आरतीने वहीतली चूक खोडली. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

जूनमध्ये ऑर्डर निघाली. अर्धे तास माझे, अर्धे अध्यक्षांच्या भाचेसुनेचे. तीही केमिस्ट्रीचीच एम.एस्सी., त्यामुळे लाइन चुकली असं म्हणायची सोय नव्हती. पगार अर्धा झाला. पहिल्याच तासाला मी नव्या पोरांना सांगितलं, एका नंबरावर एकच मूलद्रव्य असतं, दोन कधीच नसतात. हा नियम फक्त भिंतीपुरता आहे, एवढं सांगायचं राहिलं.