बद्द वाजलेली कुंडी

मांजर आडवं गेलं तर त्याला दूध पाजून पुढे जाणारी माणसं आम्ही. भास, संकेत, भूतखेत... कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात घडलं ते लिहिते आहे — हसायचं तर हसा.

मी कतारमध्ये मुलाकडे राहते, अल वक्राला. सून मंजिरी एका नर्सरीत दुर्मिळ निवडुंग सांभाळते. त्यातला एक मेक्सिकोकडचा — बिनकाट्यांचा, बिस्किटासारखा चपटा, अंगावर पांढरे ठिपके. लोकांनी रानातून इतका उपटून विकला की आता संपत आलाय. नर्सरीत फुलायच्या वयाची दोनच झाडं, आणि एकट्या झाडाला बी धरत नाही. म्हणजे एक गेलं की खलास.

शेडच्या कूलिंगचं काम निघालं म्हणून त्यातलं एक आठवडाभर आमच्या गॅलरीत आलं.

"आई, एक थेंबही पाणी नको हं. तुमचा हात फार सढळ."

"अगं, मी काय त्याला पंगतीला बसवणार आहे?"

"तुमचा भरवसा नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी बघते, तर बिचारं सुरकुतून खाली बसलेलं. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, आणि हे तर तहानेनं मरतंय... मी तांब्या भरून आणला. वाकले — आणि टिचक्या ऐकू आल्या. दोन. मग थांबून तिसरी. बद्द, बद्द... बद्द. ओल्या मातीच्या कुंडीचा आवाज.

हात तिथंच थांबला. त्या टिचक्या मी तीस वर्षं ऐकल्यात. इथल्याच अल सद्द भागातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी हे लुंगी सावरत एकेका मातीच्या कुंडीला टिचकी मारत फिरायचे — मोगरा, कढीपत्ता, तुळस. "टण्ण वाजली तर पाज, बद्द वाजली तर सोड." मी म्हणायची, "कुंड्यांची नाडी बघता, कधी माझीही बघा." "तू बारा महिने टण्ण आहेस," म्हणायचे. चहा तिकडे गार व्हायचा... त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

घरात मी एकटी होते. मीही टिचकी मारून पाहिली. नुसतं टप टप. कुंडी प्लास्टिकची होती.

तांब्या खाली ठेवला, मंजिरीला फोन लावला. "याच्या बुडाशी ओल आहे गं, लवकर ये."

"आई... पाणी घातलंत ना?"

"नाही गं. ये तू आधी."

तिनं येऊन झाड कुंडीतून काढलं. खाली चिखल. एसीच्या पाइपचं पाणी फरशीवरून कुंडीखाली झिरपत होतं. मुळं कुजायला लागलेली. तिनं कुजकं कापलं, झाड कोरडं करायला ठेवलं. "सुरकुतलंय म्हणून आज वरूनही पाणी पडलं असतं ना, तर हे वाचलं नसतं." मी तांब्या हळूच आत नेला.

एसीचंच काही वाजलं असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण दोन, आणि थांबून तिसरी?

या मार्चमध्ये दोन्ही झाडं एकाच दुपारी फुलली, पिवळीजर्द. मंजिरीनं ब्रशनं इकडचे परागकण तिकडे नेले. बी धरलं, रुजलं. परवा ती मला रोपं दाखवायला घेऊन गेली — मोहरीएवढाली, पण किती तरी.

"आई, आता तरी सांगा, कळलं कसं तुम्हाला?"

"तुझ्या सासऱ्यांना विचार," मी म्हटलं.

तिला थट्टा वाटली. मी मात्र निघताना एका कुंडीला हळूच टिचकी मारून पाहिली.