मॉरिशसच्या बसमधली एकोणचाळिसावी हजेरी

चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, तर मी वळसा न घेता सरळ पुढे जाते. म्हणजे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव नुसते वाचते, कमेंटही करत नाही. मुळात बोलणंच मला जड जातं. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि बाबा मॉरिशसला गेलो होतो. आम्ही रहिमतपूरचे. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. त्या टूरच्या आठ महिने आधी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. पाय बराचसा सुधारला, पण वाचा गेली. साताऱ्याच्या स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज प्रयत्न केला तर बरंच परत येईल." पण पहिल्या दोन दिवसांत तोंडातून नुसती घरघर निघाली आणि बाबांनी प्रयत्नच सोडला. तोंड मिटून बसायचे. शेवटी आई मला म्हणाली, "लांब कुठंतरी ने त्यास्नी. हितं जो तो बोलतं कराय बगतोय, लाजत्यात ते."

टूर कराडची होती. टूर मॅनेजर माने काका. बसमध्ये आम्ही एकोणचाळीस जण. बाबांच्या पायामुळे आम्हाला अगदी पुढची सीट होती. शेवटचा बाक रिकामा... त्यावर फक्त चिवड्या-लाडवांचे खोके.

बेटावर जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि उसामागे टोकदार डोंगर. वाळव्याचे एक काका वैतागले, "आयला, ऊसच बगायचा हुता तर हितवर कशाला आलो?"

"गप बसा, डोंगर बगा," त्यांच्या बायकोने दटावलं.

प्रत्येक स्टॉपनंतर माने काका हजेरी घ्यायचे. ज्याने त्याने आपला नंबर मराठीत ओरडायचा. आम्ही सगळ्यात शेवटी बुकिंग केलेलं, म्हणून माझा अडतीस, बाबांचा एकोणचाळीस. दोन्ही मीच सांगायचे. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "अडतीस... एकोणपन्नास."

"आगं पोरी, दहा मानसं वाटंत चढली व्हय गं?" माने काका म्हणाले आणि अख्खी बस हसली. त्यानंतर मी हळूच 'थर्टी नाईन' म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी घाट चढून दरीच्या पॉइंटवर गेलो. दुपारचे बारा वाजले असतील, पण धुक्यात काहीच दिसेना. भुरभुर पाऊस सुरू झाला तशी सगळी धावत बसमध्ये आली. हजेरी सुरू झाली.

"आज इंग्लिश चालनार न्हाई हां," माने काकांनी मला चिडवलं.

"अडतीस," मी म्हणाले... आणि अडकले. एकोण... पुढे काय? सगळे माझ्याकडे बघत होते. कान गरम झाले.

"एकोणचाळीस!"

मागून आवाज आला. खणखणीत, शेवटचा 'स' तोडून टाकलेला, परेडवर देतात तसा.

माने काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "झ्याक! कोन बोललं?"

मागच्या रांगेतल्या दोघी वळून शेवटच्या बाकावरच्या खोक्यांकडे बघत होत्या. एक म्हणाली, "आमी न्हाई. आमाला बी मागनंच आला आवाज."

गाईड खाली छत्री झटकत होता, माईक बंद होता. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी मस्करी केली. पण तो आवाज बाबांचा होता. आजारपणाआधीचा. आणि त्या बसमध्ये माझ्याशिवाय कुणीच बाबांना कधी बोलताना ऐकलेलं नव्हतं... मग नक्कल कोण करणार?

बाबा माझ्या शेजारीच होते, तोंड मिटलेलं. ते सावकाश मागे वळले. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की दुखायला लागलं.

पुढच्या स्टॉपला मी 'अडतीस' म्हणाले आणि बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"ए... ए..."

मला वाटलं, आता हे परत तोंड मिटणार.

"एक... एक..."

माने काकांनी वहीत टिक केली. "आलं, सुभेदार. समदी हजर. चला."

त्या दिवसापासून बाबांनी प्रयत्न सोडलेला नाही.

एखादा व्हिडिओ चुकून वाजला असेल का, म्हणून घरी आल्यावर मी फोनमधले बाबांचे सगळे जुने व्हिडिओ ऐकले. हा आकडा एकाही व्हिडिओत नाही. शिवाय बसमध्ये त्या वेळी फोन पर्समध्ये बंद होता.

गेल्या महिन्यात थेरपीला निघताना मी शेवटी विचारलंच, "बाबा, तो आवाज तुमचा होता?"

त्यांना वेळ लागतो. मी थांबले.

"आवाज... माजा. मी... न्हाई बोललो."

"मग कोण?"

"काय... म्हाईत. चल... एस्टी... चुकंल."

कोण बोललं, मला आजही माहीत नाही. विचारत-विचारत आम्ही उशीर केला आणि त्या दिवशी एस.टी. खरंच चुकली. पुढची गाडी कधी, यावरून बाबा स्टँडवर कंट्रोलरशी भांडले... सगळे मिळून सहा-सात शब्द, भांडण पंधरा मिनिटं. एरवी मी लाजून लांब जाऊन उभी राहिले असते. त्या दिवशी शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकलं.